करदोड्याचा गोटा

लेकरू कडेवर कसं घ्यायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं लेकरांच्या भुकेवर भाषण ठोकू नये, असं माझं मत आहे. उभी हयात अंगणवाडीत घातलेल्या बाईचं मत. कोण विचारतो म्हणा!

कापसानं गावोगाव रडवलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव कळंबपासून तासाभरावर. त्या दिवसांत गाड्यांवर गाड्या यायच्या. पुढारी यायचे, कॅमेरेवाले यायचे. कुणाच्या घरचं माणूस गेलं ते विचारायचे, फोटो काढायचे अन् चालते व्हायचे. जी लेकरं जिवंत होती अन् अर्ध्या पोटी निजत होती, त्यांची चौकशी एकानंही केली नाही. जित्या लेकराची बातमी होत नाही ना!

माझ्याकडे दोन वर्षांची एक पोट्टी होती. तिची आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. पोट्टीचे हातपाय म्हणजे तुराट्या, अन् पोट तेवढं पुढं. वजनाच्या तक्त्यावर ती लाल रेघेखाली गेली तेव्हा मी आईला सांगितलं, हिला यवतमाळला न्यावं लागते. तिथल्या मोठ्या दवाखान्यात अशा लेकरांचा वॉर्ड आहे, चौदा दिवस तुलाही तिथंच राहावं लागेल. ती काही बोलायच्या आत मॅडम बोलल्या. मॅडम म्हणजे आमच्या अंगणवाड्या तपासणारी बाई. महिन्यातून एकदा जीपमधून उतरायची अन् नाकाला रुमाल लावायची. चार बायांसमोर तिनं आईला झापलं, "कशा आया आहात तुम्ही! तुझ्या एकटीच्या पोरीमुळे माझा सगळा तक्ता लाल दिसतो!"

घ्या! पोट्टी उपाशी, अन् अब्रू जाते तक्त्याची.

यवतमाळचं तिथंच बारगळलं. पुढच्या महिन्यात आईनं पोट्टीला काट्याच्या झोळीत ठेवलं अन् मी वजन वाचलं. चक्क अर्धा किलो वाढलं होतं. लाल रेघ ओलांडली. खरं तर लेकराचे कपडे काढून वजन करायचं असतं, तसा नियमच आहे. पण उघडं लेकरू तोललं की नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. त्यात थंडीचे दिवस. आया झबलं काढू देत नाहीत, अन् मीही कधी हट्ट धरला नाही. दंड मोजायची पट्टी माझ्या पिशवीतच होती. ती दंडाला गुंडाळली की रंग दिसतो, तिथं लबाडी चालत नाही. तीही मी काढली नाही. मॅडमना जायची घाई होती, मलाही सुटायचं होतं.

मॅडम हरखल्या. "आता तुमच्या गावात एकही लाल नाही!" जसं काही तिनंच पोट्टीला मांडीवर घेऊन भरवलं होतं.

अन् मग एक समिती गावात येऊन धडकली. कुठल्याशा देशात लढाई चालली होती, तिथली उपाशी लेकरं टीव्हीवर दिसत होती. त्यांच्यासाठी दूधपावडर अन् बिस्किटं गोळा करायची होती. त्या लेकरांशी माझं भांडण नाही. भूक तिथली काय अन् इथली काय, पोटातला खड्डा एकच. माझं भांडण समितीशी. आपल्या बंगल्यामागच्या झोपडीत आज चूल पेटली का, हे ज्यांनी कधी वाकून पाहिलं नाही, त्यांना सातासमुद्रापलीकडचं बरोबर दिसत होतं. वर अक्कल अशी, की कुपोषण संपलेल्या गावातल्या लेकराच्या हातून मदत द्यायची. फोटो झकास येतो म्हणे. मॅडमनी आमचीच पोट्टी निवडली. सुधारलेलं लेकरू!

समाजमंदिरासमोर स्टेज बांधलं. हार झाले, समितीच्या अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. "आपण सुखी आहोत, आपण घासातला घास दिला पाहिजे." समोर वेचणी बुडवून बसवलेल्या बाया. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "याच्या सुखाले काय झालं? पोट पाह्य त्याचं!"

मग पोट्टीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. तो तिनं अध्यक्षांना द्यायचा होता. तिनं तो छातीशी धरला. अध्यक्ष ओढतात, ही सोडत नाही. दातांनी कागद फाडायला लागली. लोक हसले. "अगं लबाडे!" म्हणत अध्यक्षांनी तिला बगलेत धरून उचललं, अन् तिच्या झबल्याखालून काहीतरी धप्पकन फळीवर पडलं.

फडक्यात बांधलेला गोटा होता. अर्ध्या किलोचा तरी असेल.

आईनं पदर तोंडात कोंबला. तिनंच तो पोट्टीच्या करदोड्याला बांधला होता. मॅडम आल्या म्हणजे आजही वजन होणार, असं तिला वाटलं.

अध्यक्षांच्या डोक्यात काही शिरलं नाही. "खेळणं पडलं वाटतं," म्हणाले. पोट्टीला खाली ठेवलं अन् फाटलेला पुडा तिच्या हातातून काढून घेतला. "हा त्या मुलांसाठी आहे, बेटा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी स्टेजवर चढले, पुडा हिसकला, पोट्टीला परत दिला अन् तिच्या दंडाला पट्टी लावली. लाल निघाली. मॅडम कानाशी आल्या, "हे उद्या बघू ना, पाहुणे आहेत." मी म्हटलं, "पाहुण्यांना चहा पाजा तुम्ही. मी यवतमाळची एसटी पाहते."

पोट्टी जगली, हे आधीच सांगून टाकते.

वॉर्डातल्या नर्सनं पहिल्यांदा तिचं झबलं उतरवलं. करदोडा वर सारला. पोट, पाठ, दंड, मांड्या, सगळं हातानं चाचपून पाहिलं. ते पाहताना आई हमसून हमसून रडायला लागली. मला तिचाही राग आलेला होताच. म्हटलं, "आता रडून राह्यली! काहून बांधला व गोटा?"

"चार बायांत मॅडम बोलली, मले मेल्यावानी झालं," ती म्हणाली. "वजन वाढावं म्हणून कापसात घालतात तसा घातला बाई. वाटलं, सापडनच. कापसाच्या गाठोड्यात व्यापारी कोपरापर्यंत हात घालून पाह्यते. माह्या पोरीले कोणी हातच लावून नाही पाह्यलं."

एसटीत बसल्यापासून मी मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत आले होते. अध्यक्षांना घातल्या, मॅडमना घातल्या, या आईलाही घातल्या. वजन वाचणारी तेवढी राहून गेली होती.