भादव्यातले कूलर

देवराव निंभोरकर या माणसाला मी फारसा ओळखत नव्हतो. अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कूलरचं दुकान होतं. सकाळी दूध घेऊन परतताना मी तिथल्या स्टुलावर जरा टेकायचो. ते पत्रा कापत असायचे, मी बघत असायचो. बोलणं बेताचं. ते किती शिकले होते, तरुणपणी कसे होते, त्यांना काय आवडायचं, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. त्यांच्यावर लिहायला दुसरा कोणी हवा होता. पण त्यांची मुलगी रागिणी म्हणाली, “काकाजी, गाळ्याचं सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तुम्हीच लिहा.” मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. तिथे लाइन बिघडली आणि लाइन सुधारली, याच्यापलीकडे मला कधी काही लिहावं लागलं नाही. त्यामुळे जमेल तसं लिहितो.

आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कूलर घरोघरी लागतो, आणि तो इथेच बनतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिपिटा मारून जोडायचा, रंग द्यायचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या बसवायच्या. देवराव हे काम रस्त्यावरच करायचे, कारण दुकानात एका वेळी दोनच कूलर मावायचे. माघापासून ज्येष्ठापर्यंत हाताला उसंत नसायची. पाऊस लागला की काम बंद. मग चार-दोन धान्याच्या कोठ्या, एखादी पेटी, बाकी बसून.

मग आमच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. शहराचा विकास. चौकात मोठे फलक लागले, त्यांवर पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली ‘उद्योगनगरीकडे वाटचाल’. फलकाच्या बरोबर खाली खड्डा होता. देवरावांच्या दारी पत्र्याची गाडी यायची बंद झाली. गिऱ्हाईक लांबूनच हात करायचं आणि निघून जायचं.

“देवराव, आता काय करणार?” मी विचारलं.

“अर्ज टाकला न काकाजी. नव्या वसाहतीत गाळा भेटून राह्यला.”

शहराबाहेर नवी औद्योगिक वसाहत झाली होती. तिथे छोट्या धंदेवाल्यांना गाळे देणार होते. देवरावांना मिळाला. पण मिळाला कधी? पाऊस लागता लागता. ऐन हंगामात ते खड्ड्याशेजारी पत्रा कापत बसले आणि हंगाम संपल्यावर त्यांच्या हातात किल्ली आली. वर अट अशी की ताबा घेतल्यापासून चार महिन्यांत उत्पादन सुरू दिसलं पाहिजे, नाहीतर गाळा परत. अट घालणाऱ्याला कूलर कधी बनतात हे माहीत नसेल, हे मी समजू शकतो. पण देवरावांना तर माहीत होतं! त्यांनी किल्ली घेतली, नारळ फोडला, पत्रा वाकवायचं यंत्र तिथे नेऊन ठेवलं आणि गप्प बसले. म्हणाले, “माघात पाहा तुमी.”

पुढे भादव्यात महालक्ष्म्या आल्या. निंभोरकरांकडे त्या पिढीजात. जेवणाच्या दिवशी त्यांच्याकडे आलेल्या कोणालाही परत पाठवत नाहीत. त्या वर्षी घरासमोरची नाली खणून ठेवली होती आणि पावसाने ती भरली होती. घरात शिरायला एक फळी टाकलेली. त्या फळीवरून पाहुणे कसे आणायचे? देवरावांच्या आई गोदाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, “गाळा रिकामाच हाये न? तिथंच बसवा.” आणि त्याच दमात महालक्ष्म्यांपुढे हात जोडून नेम बोलल्या की जागा बदलली म्हणून राग धरू नका, तीन वर्षं तुम्हाला त्याच जागी बसवीन. असा त्यांच्या घरचा रिवाज. जागा बदलली तर तीन वर्षं पाळायची.

मी जेवायला गेलो होतो. गाळा धुऊन पुसून लख्ख केलेला. यंत्रावर पाट मांडून, वर साड्या टाकून मखर केलेलं, त्यात दोघी बहिणी बसलेल्या. पंगत चालू होती. शेजारच्या गाळ्यांतले कामगार, डाळ मिलवरच्या बाया, ट्रकवाले, सगळे जेवत होते. तेवढ्यात जीप आली. अमरावतीच्या कार्यालयातले एक साहेब गाळ्यांची तपासणी करत फिरत होते.

ते काही बोलायच्या आत गोदाबाईंनी त्यांना माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं. “जेवल्याबिगर काईच बोलू नोका,” म्हणाल्या.

साहेब जेवले. चांगले जेवले. पुरणाच्या पोळीवर तूप त्यांनी स्वतः मागून घेतलं, कढी दोनदा. मी शेजारी होतो म्हणून सांगतो. हात धुतल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला.

“निंभोरकर, उत्पादन कुठे आहे?”

“कूलरचं का? भादव्यात कूलर कोन घेते साहेब?”

“यंत्र कुठे आहे?”

“थे काय, महालक्ष्म्यांच्या खाली.”

“चालू करून दाखवा.”

“आता?” देवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. “आज त्याइले उठवता येत नाई साहेब. परवा या. उद्या विसर्जन हाये, थे झालं का दाखवतो.”

साहेबांनी पान घेतलं, गोदाबाईंना नमस्कार केला आणि गेले. दिवाळीनंतर नोटीस आली. गाळ्याचा वापर उत्पादनासाठी न करता मंगल कार्यालयासारखा होत असल्याचं आढळलं, खुलासा करा. जेवून गेला आणि लिहून गेला! मला इतका संताप आला की मी स्टुलावरून उठून घरी गेलो आणि आमच्या घरच्यांवर उगाच ओरडलो.

खुलाशाला अमरावतीला बोलावलं. देवराव म्हणाले, “काकाजी, तुमी चला. तुमी पंगतीत होते.” मला अशा ठिकाणी जायला संकोच वाटतो, पण गेलो. एसटीने, मूर्तिजापूर मार्गे. कार्यालयात वरचे साहेब बसले होते, आणि जेवून गेलेले साहेब बाजूला उभे होते. वरचे साहेब भले माणूस निघाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कूलर माघात सुरू होतात हेही त्यांना पटलं. मी म्हटलं, काम झालं.

“हे बघा निंभोरकर,” ते म्हणाले, “मी हंगामाचं मान्य करतो. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की यापुढे गाळ्यात असा कार्यक्रम होणार नाही. मी विषय मिटवतो.”

शिपायाने कागद पुढे केला. देवरावांनी तो मागे सारला.

“असं नाई लिहून देता येत साहेब.”

“का?”

“तीन वर्सं तिथंच बसवा लागते. मायनं नेम बोलला.”

“अहो, लिहून तर द्या. पुढच्या वर्षी कोण बघायला येतंय?”

“हेच आले होते न,” देवराव बाजूच्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणाले. “पुढच्याही वर्सी येतीन. आन् याइले जेवू घालाच लागन.”

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

परतीच्या एसटीत बडनेरा मागे पडल्यावर मला राहवलं नाही.

“देवराव, एक सही! एका सहीने गाळा राहिला असता!”

“मंग भादव्यात काय करू? खोटं लिहून बसवू काय त्याइले?”

“घरी बसवायच्या.”

“मायले तुमी सांगता काय?”

गोदाबाईंना मी सांगू शकलो नसतो. कोणीच सांगू शकलं नसतं. म्हणून तर माझा राग कोणावर काढावा ते मला कळेना. अट घालणारे शहाणे, भल्या मनाचा साहेब शहाणा, जेवून जाणारा तर फारच शहाणा, गोदाबाईही आपल्या जागी बरोबर. आणि एवढ्या सगळ्यांमध्ये एका माणसाचा चालता धंदा बुडत होता.

माघात देवरावांनी म्हटल्याप्रमाणे गाळ्यात यंत्र सुरू झालं. दोन पोरं कामाला ठेवली. बाहेर कूलरांची रांग लागली. मी जाऊन बघून आलो, फार बरं वाटलं. आणि त्याच महिन्यात गाळा रद्द झाल्याचा हुकूम आला. ज्या दिवशी कुलूप लावायला माणसं आली, त्या दिवशी आत रंग ओला होता. हंगाम नव्हता तेव्हा उत्पादन दाखवा म्हणत होते. उत्पादन दिसत होतं तेव्हा कुलूप लावलं. यावर मी काय लिहू?

आता त्या गाळ्यात एका एजन्सीचं गोदाम आहे. बाहेरून ट्रकने येणारे प्लास्टिकचे कूलर तिथे ठेवतात. कामाची पोरं पुण्याला गेली. देवराव पुन्हा गल्लीच्या तोंडाशी बसले. पूल पूर्ण झाला होता, त्यामुळे गिऱ्हाईक आता वरून जात होतं आणि दुकान खाली होतं.

पुढच्या भादव्यात निंभोरकरांनी गाळ्याच्या बंद शटरसमोर मांडव टाकला आणि महालक्ष्म्या तिथे बसवल्या. गोदामाच्या मालकाने हरकत घेतली नाही, उलट तो सहकुटुंब जेवायला आला. मी गेलो होतो. जेवण चांगलं होतं. देवराव वाढत फिरत होते. मी चिडून म्हणालो, “देवराव, तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटते न,” ते म्हणाले. “कढी घ्या.”

तिसरं वर्ष यायच्या आधीच, या वैशाखात, देवराव गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी ते मला एसटी स्टँडवर दिसले. हातात पिशवी होती.

“कुठे निघालात?”

“अमरावतीले. दुसऱ्या गाळ्याचा अर्ज टाकला, थो पाहून येतो. चालता का?”

“नको. ऊन फार आहे.”

“हाव, थे त हाये. काई आनू का तिकडून?”

“काही नको.”

“बरं,” म्हणाले, आणि गाडीत चढले.