फिनलंडहून निघालेलं लाकूड

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठत जातात. जर्मनीतल्या आखनच्या इन्स्टिट्यूटमधली माझी नोकरी कधीच संपली. पण तेव्हाची मंडळी भेटली की मिलिंदचा विषय निघतोच!

मिलिंद कुलकर्णी, पुण्याचा. माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचा. युरोपातल्या कुठल्या देशानं कुठल्या देशाला किती सॉफ्टवूड, म्हणजे पाइन-स्प्रूसचं लाकूड, विकलं आणि ते वर्षानुवर्षं कसं बदललं, यावर त्याची पीएच.डी. चालली होती. सुट्टीत मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग वखार कुठेशी आहे तुमची?"

तिथे काही जमलं नाही.

* * *

युरो नुकता आला होता. जुने आकडे मार्क, फ्रँक आणि लिरामध्ये. मिलिंद एकदा इटलीचे लिरा युरोत बदलायला विसरला, आणि आलेखात इटलीनं युरोपातलं सगळं जंगल विकत घेतलं! चूक सांगायला तो धावत गेला, तर त्याचे गाइड, आमचे जर्मन प्रोफेसर, आलेखासमोर उभे. "इंटरेसांट! याची मला तीन कारणं दिसतात."

चूक कळल्यावर म्हणाले, "तरी त्यातलं दुसरं कारण बरोबरच आहे!"

* * *

मिलिंदनं घरी पुस्तकांसाठी रॅक आणला. मी विचारलं, "पाइन की स्प्रूस?" त्यानं बोटानं वाजवून पाहिलं, वास घेतला. "स्प्रूस. गेनाऊ! अगदी नक्की!"

लाकडाच्या रंगाचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. आत दाबून बसवलेला भुसा.

* * *

खरी रड होती ती शेवटच्या प्रकरणाची. फिनलंड म्हणायचं, जर्मनीला इतकं लाकूड पाठवलं. जर्मनी म्हणायची, एवढं आलंच नाही! मिलिंदचं म्हणणं, माल हॉलंडच्या बंदरात उतरतो आणि त्यातला थोडा तिथेच राहतो. प्रोफेसर ऐकेनात. "नाइन, नाही! वाटेत काही गायब होत नसतं. चूक तुमची आहे." त्यांनी प्रकरण मान्य केल्याशिवाय कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं, आणि कॉन्ट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही. मिलिंदनं बॅगा माळ्यावरून खाली काढल्या. त्याचा चेहरा बघून मलाच जेवण जाईना.

अशात प्रोफेसर कॉन्फरन्ससाठी पुण्याला गेले. मिलिंदच्या आईंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि निघताना लेकासाठी बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा त्यांच्या हाती दिला. परत आल्यावर प्रोफेसर तो स्वतः आमच्या खोलीत घेऊन आले. तेवढ्यात आईंचा फोन! मिलिंदनं स्पीकर लावला.

आई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सर तिथेच आहेत म्हटल्यावर त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "सर, डबा काठोकाठ भरला होता. झाकण बसेना म्हणून वरून दोरी बांधली. सगळे लाडू नीट पोचले ना?"

डब्याला दोरी नव्हती. मिलिंदनं झाकण उघडलं. डबा जेमतेम अर्धा होता.

मिलिंद डब्याकडे बघत राहिला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. प्रोफेसरांनी स्वेटरवरचं काहीतरी हळूच झटकलं.

"हो आई," मिलिंदही इंग्रजीतच म्हणाला, "सगळे पोचले."

प्रोफेसर दारापर्यंत गेले, थांबले.

"आल्झो, तर मग मिस्टर कुलकर्णी, ते हॉलंडचं प्रकरण घेऊन या. मान्य आहे मला."