पोरगा गाण्यात दिसत नाही म्हणे

बायांनो, आज माह्या पोराले पाहाले धनजचे पाव्हणे आले होते. पोरगा टीव्हीच्या मालिका, गाण्याचे व्हिडिओ करते, डायरेक्टर हाय.

मी मोबाईलवर त्याचं गाणं लावलं. त्यात त्यानं सत्तर-पंच्याहत्तर सालातला कामरगावचा बाजार उभा केला हाय.

पोरीचा बाप म्हणे, "बाई, यात तुमचा पोरगा तं कुठंच दिसत नाही!"

मी म्हटलं, "भाऊ, गवंडी भिंतीत दिसते काय?"

आमचे हे डोळे वटारून राह्यले. मले वाटलं, मोडली सोयरीक.

पण पाव्हण्यानं मोबाईल डोळ्याजवळ नेला. "थांबा! माह्या बापाचं चहाचं दुकान अस्संच होतं. पुन्हा लावा."

होकार काही देल्ला नाही. जाताना गाणं मात्र आपल्या मोबाईलात टाकून नेलं.

तुमीच सांगा, पेढे आणू काय?