मूळ गावाचा रकाना

शालोमकाका थळकर कुणाकडेही जेवायला गेले की यजमानाला विचारत, "गाव कुठलं तुमचं?" तो, आम्ही सगळे परदेशात येऊन राहिलो ते, "स्कारबरो" म्हणाला, की काकांचा घास हातातच राही. "तो पत्ता झाला रे. मी गाव विचारलं."

अलिबागजवळच्या थळचे हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ दिवसा लायब्ररीत पुस्तकं लावत. उरलेला वेळ बेसमेंटमध्ये बसून सोळाशे वर्षांपूर्वीच्या चीनमधल्या शूजौ प्रांताच्या कारभाराचा इतिहास लिहीत. मी इंजिनिअर, मला माझ्या ऑफिसचा कारभार कळत नसे. तरी ऐकायला बसे, कारण काका चहाबरोबर करंज्या देत.

"उत्तरेकडून घोडेस्वार आले, शूजौ गेला. माणसं नदीपार पळाली. दरबारानं तिकडे त्याच नावाचा प्रांत काढला. जमीन नाही, नुसती कचेरी! निर्वासितांची नावं वेगळ्या वहीत."

"म्हणजे आपलं मराठी मंडळच की!" मी हसलो. काका हसले नाहीत.

"पुढे हुकूम आला, वही बंद. राहता तिथलेच म्हणवा. माणसानं आपल्या तोंडानं तसं सांगितलं, की संपलं बाबा."

मंडळाच्या यादीत 'मूळ गाव' हा रकाना त्यांनीच घातलेला. मी सेक्रेटरी झालो त्या वर्षी फोन नंबर मावेनात, म्हणून तो काढू या म्हटलं.

"मी मेल्यावर काढ," म्हणत त्यांनी करंज्यांचा डबा बंद केला. मला वाईट वाटलं ते डब्याचं. असा मी!

त्याच हिवाळ्यात काकांच्या छातीत कळ आली. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून मी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा नर्स फॉर्म भरत होती. "अँड वेअर इज होम, मिस्टर थळकर?"

मी थळचं स्पेलिंग सांगायला पुढे सरसावलो. काका डोळे मिटूनच म्हणाले, "स्कारबरो."

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "काका, अहो, थळ सांगा ना!"

"राहू दे. तिथं आता कोण ओळखतंय?"

नर्सनं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी काका गेले.

नव्या यादीतून त्यांचं नाव वगळावं लागलं; रकाना मी ठेवला. लेकीचं नाव पहिल्यांदाच घालायचं होतं, म्हणून जेवताना तिला विचारलं, "तुझं मूळ गाव काय लिहू गं?"

"हिअर, बाबा. ऑफ कोर्स."

माझा घास हातातच राहिला.