तापली की बसणारी गाडी

थोरलीला गाड्यांची हौस कधीच नव्हती. तिचं अर्धं आयुष्य रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करण्यात गेलं. पण धाकटा भाऊ शिडीवरून पडला, त्याचे पाय कायमचे लुळे पडले, आणि वडिलांच्या मागे शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी तिनं बाहेर काढली. चाकाच्या खुर्चीसकट भाऊ मावेल अशी तीच एक होती.

गाडी युरोपातली, तिशी ओलांडलेली. तिकडच्या लेकुरवाळ्या घरांसाठी बनवलेली, अंगानं ठोकळ्यासारखी, मागचं दार ऐसपैस. वडील ज्या परदेशी साहेबाचे ड्रायव्हर होते, तो मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता.

त्या वयाच्या गाडीला असायची ती सगळी दुखणी हिला होती. काचा अर्ध्यावर अडायच्या. दारांखालचा पत्रा गंजानं खाल्लेला. तारांवरचं प्लास्टिक नुसतं बोट लावलं तरी गळून पडायचं. हे सगळं थोरलीनं चालवून घेतलं. पण गाडी तापली की भर रस्त्यात बसकण मारायची, आणि तलावावर भाऊ पोहायला शिकत होता, ते बुडायचं. तलावात त्याचे हात त्याला नेतील तिकडे तो जायचा. या काठावरून त्या काठाला एकट्यानं जायचं, हे त्यानं मनाशी घेतलं होतं.

"ताई, भंगारात काढा," मेकॅनिक म्हणाला. "पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले. आता ड्रायव्हरच बदलायचा राहिलाय."

"तो नाही बदलायचा," थोरली म्हणाली.

पुढच्याच खेपेला गाडी चौकात बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

"उतरून धक्का मारू का?" भावानं मागून विचारलं.

तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. गाडी गार होईपर्यंत दोघं बसून राहिली. मग किल्ली फिरवताच ती मुकाट सुरू झाली, आणि थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तापलं की बंद, निवलं की चालू! दुरुस्तीला परत येणारे कितीतरी रेडिओ असेच असायचे. सोल्डरच्या टाक्याला केसाएवढी चीर गेलेली असायची, तापली की ती फाकायची.

"पंपाला करंट कुठून जातो?" तिनं मेकॅनिकला गाठून विचारलं.

"डॅशबोर्डखाली रिले आहे, करंट चालू-बंद करणारी डबी. पण तो चांगलाय, टकटक वाजतोय."

तिनं तो काढून उघडला. भिंगाखाली एका टाक्याभोवती बारीक काळं कडं दिसलं. तिनं तो टाका नव्यानं भरला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसली.

"राहू दे गं आता," भाऊ म्हणाला.

"का राहू दे?" ती फणकारली. "एकच टाका भरला, चूक माझी. सगळे भरते."

सगळे टाके भरून तिनं गाडी टळटळीत उन्हात चालू ठेवली. काचा अडलेल्या, दोघं घामानं निथळताहेत, पण इंजिन काही थांबेना. शेवटी भाऊच म्हणाला, "बास! गाडी चांगली आहे, आपण शिजतोय."

मग दोघं तडक तलावावर गेली. भाऊ निम्मं अंतर पार करून गेला आणि तिथं दमला. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला काठाशी आणलं.

"उद्या परत यायचं," तो धापा टाकत म्हणाला.

"येऊ की," थोरली म्हणाली, आणि तिनं त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला.