एस्तेरनं मार्थाबाईले दिलेलं उत्तर

डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट टेबलावर ठेवला. "कार्सिनोमा आहे बाबा. जिभेचा कॅन्सर. अर्धी जीभ काढावी लागेल."

माझी बायको एस्तेर बाजूलेच बसली होती. रिपोर्ट तिचाच. तिनं विचारलं, "चर्चच्या उपासनेत गाता येईन का?" डॉक्टरीणबाईनं हळूच नाही अशी मान हलवली. आम्ही समजलो.

मी चौथी शिकलेला. ज्याच्या घरी हा आजार येईल त्याच्या कामी पडावं म्हणून लिहितो. तोंडातला छाला, म्हणजे फोड, तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा. आम्ही चार महिने हळद-तूप लावत बसलो.

आधी बायॉप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासतात. मग ऑपरेशन. मग रेडिएशन, म्हणजे मशीनचे शेक. आमच्या नंदनवन वस्तीतून रोज ऑटोनं दवाखान्यात जायचो. नंबर येईपर्यंत ती मांडीवर पाटी घेऊन बसे. तिचं बोलणं मले अर्धं समजे, बाकीचं ती पाटीवर लिहे.

शेक संपल्यावर पहिल्यांदा चर्चले गेलो, तर प्रभुभोजन होतं, प्रभू येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घेतात ते. आमच्याकडं एकच प्याला, सगळे त्यालेच ओठ लावतात. हा आजार उष्ट्यानं लागत नाही, हे डॉक्टरीणबाईनं आधीच सांगितलं होतं. पण रांगेत मागं आमच्या गल्लीतली मार्थाबाई होती. ती मोठ्यानं म्हणाली, "हिच्या मागून प्याला कसा घ्यायचा वं? लाळ गळून राहिली तिची. घरी बसावं ना!"

मी वळलो. "तिची जीभ अर्धी आहे, तरी तुह्यापेक्षा साफ आहे!"

पाळकसाहेब प्याला धरून तसेच उभे. एस्तेरनं माझी बाही ओढली, मार्थाबाईले हात जोडून पुढं जाऊ दिलं आणि स्वतः सगळ्यात शेवटी घेतला.

घरी मी म्हटलं, "त्या चर्चमधे आता पाय ठेवायचा नाही. तू बी नाही."

तिनं पाटीवर लिहिलं, "तिनं रुमालानं गाल दाबला होता. तोंडात दुखून राहिलं तिच्या. भ्याली आहे ती."

मार्थाबाई गुडाखू घासे, तंबाखूची पेस्ट. मी फक्त तिचं बोलणं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी एस्तेर तिच्या दारी गेली. मी मागं, तोंड फुगवून.

"भांडाले आले का?" मार्थाबाई म्हणाली.

एस्तेरनं पाटी पुढं केली. "मंगळवारी माझी तपासणी आहे. तू बी चाल. मी हात धरीन."

मार्थाबाई उंबरठ्यावर बसून रडाले लागली. "दोन महिन्यांपासून छाला आहे वं. म्हणून तुह्याकडं पाहवत नव्हतं."

मंगळवारी तिचा बी तुकडा काढला. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी सुरुवात आहे. बरं झालं आणलंत." छोट्या ऑपरेशनवर भागलं. जीभ वाचली.

एस्तेरचा आजार मात्र गळ्यात उतरला. शेवटचा महिना मार्थाबाईच तिले नळीतून पेज देत होती. वैऱ्यावर प्रेम करा, असं प्रभू म्हणतो. मले वाटे, ते पाळकांचं काम. माझ्या चुलीपुढच्या बाईनं ते करून दाखवलं. अशा बाईचा नवरा होणं किती जणांच्या नशिबी असते?

एस्तेरच्या मातीले, म्हणजे अंत्यविधीले, आलेला एक जण मले म्हणाला, "इतकी प्रार्थना केली, मग देवानं काहून ऐकलं नाही गा?"

शिवी ओठावर आली होती. तेवढ्यात त्याचे सुजलेले डोळे दिसले. त्याची बी बायको दवाखान्यात भरती होती. मी खुर्ची ओढली. म्हटलं, "बस गा जरा माह्याजवळ."

एस्तेरले हे पहिल्या नजरेत दिसलं असतं. मले थोडा वेळ लागते.