पितृपक्षातलं गिऱ्हाईक

शेअरचा भाव पडला की चेहरा खुलणारा माणूस मी एकच पाहिला, माझे मामा. जानेफळात स्टँडसमोर त्यांचं कापडाचं दुकान होतं. अख्खं गाव त्यांना तेजीमामा म्हणायचं.

मोबाइलवर शेअर घ्यायला मीच त्यांना शिकवलं. कंपन्या ढीगभर, पण मामांनी धरली ती एकच, गावोगावी कपड्यांची मोठमोठी दुकानं काढणारी. पितृपक्षात भाव पडला की घ्यायचे, दिवाळीच्या तोंडावर विकायचे आणि त्या पैशातून दुकानात माल भरायचे. "पितरायच्या दिवसात कोनी रुमालबी घेत नाई, लेका. आपला गल्ला बसते, तसा त्यायचाबी बसते. मंग सोयाबीन निंगालं का लोकं कपड्यावर तुटून पडतात." जानेफळच्या सोयाबीनचा त्या कंपनीशी काय संबंध, असं मी चिडवायचो. पण दसरा उलटला की भाव खरंच चढलेला असायचा, बहुतेक वर्षी तरी.

मग एका वर्षी ऐन दसऱ्याआधी त्याच कंपनीने तालुक्याला, मेहकरात दुकान उघडलं.

मामा गल्ल्यावर बसून मेहकरची एसटी बघत राहायचे. ओळखीची माणसं उतरायची, त्या दुकानाची पिशवी पाठीमागे लपवून मामांना रामराम घालायची आणि पुढे जायची. मला त्या रामरामाचाच जास्त राग यायचा. मामा मात्र तो घ्यायचे. "त्यायनं एसी लावला, म्या पंखा पुसून घेतला," एवढंच एकदा म्हणाले.

भाव त्या वर्षी कधी नव्हे इतका चढला. "मामा, आता तरी विकून टाका," मी म्हणालो.

"इकून माल भरू कोनासाठी? आपलं दुकान त बुडत चाललं. निदान त्या दुकानात आपला वाटा राहू दे."

एकदा मला घेऊन मामा ते दुकान बघायला गेले. दारातल्या गार्डने त्यांची कापडी पिशवी ठेवून घेतली आणि हातात बिल्ला दिला. मामांनी तो मुकाट्याने खिशात टाकला. आत गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "मालक आहो ना बे मी इथला?" त्यांनी एका सदऱ्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि घडी होती तशी घालून ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात, भर लग्नसराईत, मामांनी शटर ओढलं ते ओढलंच. थंडीत ते गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण मला ते पटलं नाही. सकाळी आंघोळ करून जायला त्यांना ठिकाणच उरलं नव्हतं, आणि ते मी कुठून आणून देणार होतो?

शेअर आता मामीच्या नावावर आहेत; ती विकू देत नाही. पितृपक्षात मामांचं पान वाढून झालं की ती हात पुसत विचारते, "बापू, पडला का रे भाव?"

मी मोबाइल काढून बघतो. "हाव मामी, पडला."

"मले काय सांगतं? त्यायले सांग."

मग मी पानापुढे वाकतो आणि म्हणतो, "मामा, भाव पडला."